एकतिसावा रंग

"पंखा बंद करा!"

त्याला उद्देशून मी उच्चारलेले पहिले वाक्य हे, आणि त्यात प्रेमाचा लवलेशही नव्हता. वाळवलेल्या वनस्पतींच्या आमच्या संग्रहालयात दारावरच लाल अक्षरांत लिहिले आहे – टेबलावर नमुने उघडे असताना पंखा लावू नये. तो ते वाचूनच आत आला असावा. पण डोळे वाचतात एक आणि हात करतात दुसरेच. क्षणात चाळीसेक कागद उडाले. वर्षानुवर्षे कपाटात निजलेली पाने, गवताचे तुरे, नेच्यांच्या झालरी साऱ्या दालनभर भिरभिरू लागल्या, जणू प्रत्येकीला एकदमच आपले झाड आठवले होते.

तो भिंतीशी उभा होता, एक हात अजून बटणावर. मग तो शिंकला. डांबरगोळ्यांची सवय नसलेला माणूस तिथे शिंकतोच.

"माफ करा. उकडत होतं."

"त्यांना नव्हतं उकडत." मी जमिनीकडे बोट दाखवले.

"विचारलं होतंत त्यांना?"

आम्ही दोघे गुडघ्यांवर बसून नमुने वेचू लागलो. मी तिरप्या नजरेने पाहत होते, हा कागद चुरगाळतो की काय. पण भरलेले ताट न्यावे तसा तो एकेक कागद दोन्ही हातांवर तोलून टेबलाशी नेत होता. निदान हाताला वळण होते.

"हे ढगवाले," दाराशी उभ्या असलेल्या मामांनी ओळख करून दिली. मामा आमचे शिपाई. कपाटांच्या किल्ल्या आणि सगळ्यांची टोपणनावे त्यांच्याच ताब्यात. "आपली सगळी नोंद हे ढगात नेऊन ठेवणार आहेत. मी म्हटलं, पाऊस पडला की परत खाली येईल, ओली होऊन."

"ढग म्हणजे दूरच्या इमारतीतले संगणक हो मामा. तिथेही पाऊस पडतो, पण छत आहे."

"मग ढग कशाला म्हणता? गच्ची म्हणा."

माझे काम डिंकाचे. वाळलेली फांदी जाड कागदावर चिकटवायची, दणकट देठ दोऱ्याने शिवून घ्यायचे, खालच्या कोपऱ्यात माहितीची चिठ्ठी लावायची. म्हणून मामांच्या लेखी मी डिंकताई. तिसऱ्या दिवशी ढगवाल्याने पडद्यावरची नजर न काढता विषय काढला.

"मामा तुम्हाला ताई म्हणतात. मला ते जमणार नाही."

"का बरं?"

"नोंद चुकीची होईल."

माझ्या हातातला दोरा नको तिथे तुटला. मी नवा ओवला. सुईचे नेढे त्या दिवशी उगाचच लहान झाले होते.

त्याला हवी होती फुलांच्या रंगांची यादी. वाळलेल्या फुलाचा रंग उडून जातो. उरतो तो केवळ चिठ्ठीवरचा शब्द, कुणीतरी कधीतरी रानात उभे राहून दिलेली साक्ष. नव्या व्यवस्थेत अभ्यासकाने रंग निवडायचे – पांढरा, पिवळा, जांभळा – की त्यांपैकी कोणताही रंग असलेले सगळे नमुने समोर यावेत. उलटेही करता यावे – हे रंग सोडून बाकीचे दाखवा. ऐकायला सोपे होते. पण आमच्या चिठ्ठ्यांवर रंगांचे शेचाळीस शब्द निघाले.

"एका खेपेला यादीत तीसच शब्द देता येतात," तो म्हणाला. "एकतिसावा घातला की अख्खी यादीच परत येते."

"फारच तुसडा आहे तुमचा ढग."

"तुसडा नाही. काटेकोर. इथल्या काही माणसांसारखा."

सोळा शब्द गाळायचे होते. रंग पारखायला योग्य उजेड उत्तरेच्या खिडकीशी अकरा ते एकपर्यंतच असतो. म्हणून दोन आठवडे, रोज दोन तास, आम्ही त्या खिडकीशी समोरासमोर बसलो. गुलबक्षी राणीत विरघळली. आमसुली आणि अंजिरी यांचा तंटा तीन दिवस चालला. चिठ्ठीवरचा मूळ शब्द तसाच राहणार होता, तो फक्त शोधाच्या यादीतून जाणार होता. तरीही प्रत्येक शब्द गाळताना मला कुणाचे तरी डोळे मिटल्यासारखे वाटे.

"पारवा आणि राखी एकच," तो ठरवून टाकी.

"पारव्याला विचारा."

"आणि हा कोणता?" त्याने एकदा आपली बाही पुढे केली.

"मातकट."

"आकाशी आहे हो!"

"असेल. धुऊन आणा, मग बघू."

तो हसला. हसताना तो मान किंचित डावीकडे कलती करतो, हे मी त्या दिवशी पाहिले. मागाहून कळले की मी ते पहिल्या दिवसापासून पाहत होते.

शेवटी एकतीस शब्द उरले. त्यातला एक अबोली.

"हिचे सातच नमुने आहेत. केशरीत घालू."

"नाही."

"अहो, फिकट केशरी म्हणजेच –"

"अबोली म्हणजे अबोली. ती केशरी नाही, गुलाबीही नाही. दुसऱ्या कुणाच्या नावावर तिला खपवायचं नाही."

"ती स्वतः तर काही बोलत नाही."

"म्हणूनच तिच्या वतीने कुणीतरी बोलायला नको का?"

त्याने माझ्याकडे पाहिले… जरा जास्तच वेळ. मग शेंदरी केशरीत घातली आणि अबोली तिसाव्या जागी ठेवली.

गुरुवारी तपासणी झाली. शुक्रवारी दुपारी संचालकबाई नवी सूची सर्वांसाठी खुली करणार होत्या. एकूण नमुने नऊ हजार चारशे साठ. त्याने तीसही रंग निवडले. समोर आले नऊ हजार एकशे अठ्ठेचाळीस.

"तीनशे बारा कमी आहेत," मी म्हणाले. "ते या रंगांपैकी नसतील. उलटं करून बघा ना."

त्याने विचारले, या तीस रंगांपैकी नसलेले दाखव. उत्तर आले – शून्य.

यादीत नाहीत आणि यादीबाहेरही नाहीत. तीनशे बारा फुले गेली कुठे? तासभर तो क्रमांक ताडून पाहत राहिला. मग खुर्ची मागे सारून म्हणाला,

"रंगाचा रकाना रिकामा आहे त्यांचा. रिकामी नोंद 'यांपैकी' मध्येही येत नाही आणि 'यांपैकी नाही' मध्येही येत नाही. 'नाही' म्हणायलासुद्धा काहीतरी भरलेलं लागतं." तो जरा थांबला. "आणि सगळ्या चिठ्ठ्यांवर सही एकाच माणसाची आहे."

ती सही मी बघण्यापूर्वीच ओळखली. लहानपणी माझ्या प्रगतिपुस्तकावर तीच असायची.

"पांढरा भरून टाकू का?" त्याने विचारले. "उद्यापुरतं."

"माझ्या बाबांनी तीस वर्षं इथल्या चिठ्ठ्यांवर एक अक्षर खोटं लिहिलेलं नाही. जे पाहिलं नाही ते लिहू नये, हे वाक्य मी अंगाईसारखं ऐकलंय. आणि तुम्ही उद्यापुरतं पांढरं करणार?"

"चुकलो," तो लगेच म्हणाला. मग टेबलावरचा टीपकागद उगाच सरळ करत राहिला. "रिकाम्या रकान्यावरून आठवलं… आमच्या ऑफिसनेही एक तक्ता पाठवलाय. वर्षभर इथली देखभाल बघायची, की दुसऱ्या शहरातलं नवं काम घ्यायचं. राहणार किंवा जाणार. उद्या बारापर्यंत."

"मग? काय भरलंत?"

"अजून काहीच नाही. एक माहिती कमी पडतेय."

"आणि रिकामंच राहिलं तर?"

"तर मी कुठल्याच यादीत नाही. मग साहेब ठरवतात. साहेब नेहमी 'जाणार' ठरवतात."

मी डिंकाचा कुंचला पुसत होते. तो केव्हाच कोरडा झाला होता.

"बरं," मी म्हणाले.

'बरं' हा आपल्या भाषेतला सर्वांत सोयीचा शब्द. त्यात होकार मावतो, नकार मावतो, आणि दोन्हींपैकी काहीच नसले तरी तो भरलेला दिसतो. त्याने मान हलवली, संगणक मिटला आणि मामांना नमस्कार करून निघून गेला. त्या संध्याकाळी तो शिंकला नाही, हे माझ्या ध्यानात आले. डांबरगोळ्यांची सवय झाली होती. आता तिचा काय उपयोग, हा विचार मी पुढे जाऊ दिला नाही.

घरी बाबा गॅलरीत कुंड्यांना पाणी घालत होते. हल्ली त्यांना नीट दिसत नाही. पाने ते बोटांनी ओळखतात.

"बाबा, तीनशे बारा चिठ्ठ्यांवर तुम्ही फुलाचा रंगच लिहिला नाहीत."

"पाहिलाच नव्हता. आम्ही जायचो तेव्हा ती झाडं फुलात नसायची."

"मग 'पाहिला नाही' असं तरी लिहायचं. आता ती कुणालाच सापडत नाहीयेत."

झारी थांबली. "म्हणजे रिकामं ठेवलं ते… चुकलंच म्हणायचं?"

"त्यांची ती सवयच आहे!" आतून आईचा आवाज आला. "मला एक वर्ष आठ महिने रिकामं ठेवलं होतं!"

"अगं, दीड वर्ष."

"एक वर्ष आठ महिने! मी होते त्या ग्रंथालयात रोज पुस्तक परत करायला यायचे, रोज तेच पुस्तक. शेवटी मीच विचारलं – नाही म्हणायचंय, की काहीच म्हणायचं नाहीये? दोन्ही एक नव्हेत. 'नाही' म्हणालात तर मी रडेन आणि मोकळी होईन. काहीच म्हणाला नाहीत तर मी कुठं जाऊ?"

बाबा कुंडीकडे तोंड करून हसत होते. आई पदराला हात पुसत दाराशी आली आणि माझ्याकडे टक लावून पाहू लागली. "आणि तुझं गं काय झालं? आल्यापासून चप्पल घालूनच उभी आहेस."

"काही नाही," मी म्हणाले.

"हं. लेक कुणाची!"

शुक्रवारी मी साडेनऊलाच पोचले. तो खिडकीशी बसला होता. समोर संगणक, बाजूला बांधून ठेवलेली पिशवी. ती पिशवी मला मुळीच आवडली नाही.

"त्या तीनशे बारा नोंदींत 'फूल पाहिले नाही' असं भरा," मी उभ्याउभ्याच म्हणाले. "बाबांना विचारलंय. ते खरं आहे, आणि सापडण्यासारखंही आहे."

"उत्तम. पण यादी भरलीय. तीस झाले. हा एकतिसावा."

"ठाऊक आहे. एक काढा."

"कोणता?"

खिडकीतला उजेड अजून रंग पारखण्याजोगा झाला नव्हता.

"अबोली."

कळफलकावरची त्याची बोटे जागच्या जागी थांबली. "अबोली? एवढ्या भांडलात तिच्यासाठी."

"चिठ्ठ्यांवर ती राहीलच. इथून काढा."

"पण का?"

"अहो, अबोली काढा म्हणतेय ना मी! एवढंही कळत नाही तुम्हाला?"

माझा आवाज दालनभर घुमला असावा, कारण दाराशी मामांच्या हातातला किल्ल्यांचा जुडगा खळकन वाजला आणि मग, मोठ्या समंजसपणे, कॉरिडॉरमध्ये दूर दूर वाजत गेला.

त्याला कळले. आधी कानांच्या पाळ्यांना कळले. त्या डाळिंबी झाल्या. राणी नव्हे, डाळिंबीच. मी नीट पाहिले. मग तो कामाला लागला. अबोलीचे सात नमुने केशरीकडे गेले. तिच्या जागी माझ्या तीन शब्दांऐवजी त्याने दोनच लिहिले – 'न पाहिलेला' – आणि विचारणा केली. तीनशे बारा. बाबांची सही पानामागून पान पडद्यावर उतरत राहिली.

"सापडली सगळी," तो म्हणाला.

"आणि तुमचा रकाना?"

त्याने दुसरा तक्ता उघडला आणि संगणक माझ्याकडे वळवला. एका ओळीत त्याचे नाव. त्यापुढे रिकामी चौकट.

"तुम्ही भरा," तो म्हणाला. "डिंकाचं काम तुमचं."

मी 'राहणार' लिहिले. बोटांना डिंक होता, कळ किंचित चिकटली.

तो मान डावीकडे कलती करून पडद्याकडे पाहत होता. "पण तुमच्या घरी म्हणतात ना… जे पाहिलं नाही, ते लिहू नये?"

"पाहिलंय," मी म्हणाले.