चार खटके आणि एक दोरी

"चोर कोण ते मला माहीत आहे, ताई. तुम्ही फक्त सिद्ध करून द्या," मुलगा म्हणाला. "उद्या सकाळी मी वायरमनला पोलिसांत देणार आहे."

खाजगी तपासाच्या धंद्यात ताईंचे केस पांढरे झाले होते आणि अशील आधीच निकाल घेऊन आला की त्या गप्प बसत. त्यांचा धाकटा भाऊ मात्र गप्प बसणाऱ्यांतला नव्हता. सगळे त्याला पोपट म्हणत ते उगाच नाही.

"पण चोरलंय काय?" पोपटने विचारलं.

"ट्रकच्या डॅशबोर्डवरच्या खटक्यांच्या मुठी. जुना माल आहे, आता कुठेही मिळत नाही. गाड्या जमवणारे एक गृहस्थ ट्रक घ्यायला येणार म्हणून मी ताडपत्री काढली, तर हा प्रकार. वायरिंगला दुसरं कोण हात लावणार?"

तो त्यांना स्वयंपाकघराच्या दारातून मागच्या शेडकडे घेऊन निघाला. पोपट वाट सोडून जरा बाजूला सरकला आणि कळवळला. एक दोरी थेट त्याच्या पोटात रुतली होती. दारापासून शेडपर्यंत ताणलेली, कमरेइतक्या उंचीवर.

"आईने बांधली होती, कपडे वाळत घालायला," मुलगा ओशाळून म्हणाला. "ती गेल्यापासून काढायची राहिलीय."

"इथे वाळवले तर कपडे झाडूचंही काम करतील," पोपट पोट चोळत पुटपुटला. ताईंनी दोरीची गाठ बोटाने चाचपली आणि त्या पुढे गेल्या.

ट्रक लांब नाकाचा होता, मुलापेक्षा वयाने मोठा. सीटचं रेक्झीन जागोजागी फाटून काथ्या बाहेर आला होता. एकाच कडेला शिवण नवी, घट्ट आणि सरळ होती. डॅशबोर्डवर ओळीने चार खटके. त्यांच्या एकसारख्या काळ्या गोल मुठी जाऊन तिथे भलताच बाजार भरला होता. पहिल्यावर कोटाचं जाड बटण, दुसऱ्यावर लाकडी रीळ, तिसऱ्यावर शिवताना बोटात घालतात ते अंगुस्तान, चौथ्यावर बाटलीचं बूच.

"वर चेष्टाही केलीय बघा," मुलगा म्हणाला.

"टॉर्च धर," ताई पोपटला म्हणाल्या आणि डॅशबोर्डखाली डोकं घालून आडव्या झाल्या. आतल्या सैल तारा कोणीतरी नव्याने बसवल्या होत्या. प्रत्येक जोडावर पांढरा दोरा एकाला एक लागून गुंडाळला होता आणि टोक सुबकपणे आत ओवलं होतं.

"तुमचे बाबा यात बसतात?" ताईंनी खालूनच विचारलं.

"आई होती तेव्हा रोज संध्याकाळी दोघं येऊन बसायचे. बाबा दिवे लावून दाखवायचे. शेवटी शेवटी दिव्याऐवजी हॉर्नच वाजवायचे, मुद्दाम, तिला हसवायला. तीही खूप हसायची. ती गेल्यापासून बाबांनी इथे पाऊल ठेवलेलं नाही."

तेवढ्यात बाबाच अंगणात आले. एका हाताची बोटं दोरीवरून सरकवत, झपझप चालत. पायात एक चप्पल काळी, एक तपकिरी. पोपटला हसू आलं. ते दाबून त्याने हात पुढे केला, पण म्हाताऱ्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. पोपटचा हात हवेतच राहिला. भलताच घमेंडी दिसतोय, त्याला वाटलं.

"गेलं ते जाऊ दे," बाबा दोरीच्या टोकाशी थांबून म्हणाले. "वायरमन मला भावासारखा आहे. त्याला छळू नका."

"बाबा, तुम्ही यात पडू नका," मुलगा म्हणाला.

वायरमन फाटकाबाहेर बसला होता. आत यायची त्याला बंदी होती.

"या ट्रकची तार न् तार माझ्या हातची आहे, ताई. मी खाली झोपून काम करायचो आणि वहिनी टॉर्च धरून 'हे काय, ते काय' विचारत बसायच्या." त्याने खिशातून काळ्या पट्टीची गुंडाळी काढून दाखवली. "मी जोड दिला तर काळी पट्टी गुंडाळतो. आणि चोरायचं असतं, तर त्या जागी बूच बसवत बसलो असतो का?"

ताईंनी त्याला हाताला धरून आत आणलं आणि सगळ्यांना ट्रकजवळ बोलावलं. मग त्यांनी मुलाकडून ब्लेड मागून घेतलं आणि सीटची ती नवी शिवण उसवली. आतून फडक्याची पुरचुंडी निघाली. पुरचुंडीत चार काळ्या मुठी.

"चोरी झालीच नाही," ताई म्हणाल्या. "चोर माल ट्रकमध्येच ठेवून वर शिवण घालत नाही. तारांवर दोरा होता, पट्टी नव्हती. म्हणजे काम वायरमनचं नाही, पण त्याचं काम जवळून बघितलेल्या माणसाचं. ज्याच्या हाताशी शिवणाचा डबा होता, अशा माणसाचं."

"आई?" मुलगा म्हणाला. "पण कशासाठी?"

ताईंनी बाबांकडे पाहिलं. आवाज त्यांनी अगदी खाली आणला. "काका, मी सांगू, की तुम्ही सांगता?"

बाबांनी हातानेच 'तुम्ही सांगा' अशी खूण केली.

"माझ्या भावाने हात पुढे केला, तो तुम्हाला दिसला नाही. चपला दोन रंगांच्या आहेत. हॉर्नही तुम्ही मुद्दाम वाजवत नव्हता, दिव्याचा खटका सापडत नव्हता. चारही मुठी हाताला सारख्याच लागायच्या. आता चार वेगळ्या आहेत, बोट लागताच ओळखू येतील. आणि कमरेच्या उंचीवर कपडे कोणी वाळत घालत नाही. ती दोरी धरून चालायला बांधलीय."

पोपटला आपल्या मघाच्या हसण्याची लाज वाटली. मुलगा वायरमनसमोर मान खाली घालून उभा होता. "काका, चुकलं माझं," एवढंच त्याला बोलता आलं. वायरमनने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"ती आजारी होती," बाबा म्हणाले. "त्यात माझे डोळे गेल्याचं कशाला सांगायचं? म्हणून मी तिला फसवत राहिलो. दोरी बांधली तेव्हा म्हणाली, कपड्यांना जागा पुरत नाही. मला वाटलं, हिला काही कळलेलं नाही."

"त्यांना कळलं होतं, काका. तुम्ही फसवताय, तर त्यांनी फसवू दिलं," ताई म्हणाल्या. "आणि आपण नसताना तुमचा हात चुकू नये, याची सोय करून ठेवली."

बाबा चाचपडत ट्रकमध्ये चढले. त्यांची बोटं पहिल्या मुठीवर गेली आणि तिथेच थांबली.

"माझ्या ड्रायव्हरच्या कोटाचं बटण," ते म्हणाले. "मी म्हणायचो, कोट टाकून दे. म्हणायची, टाकला कधीच."

आता मात्र त्यांना रडू आवरलं नाही. बटण मुठीत धरून ते लहान पोरासारखे रडले. मुलाने फोन काढला आणि ट्रक विकायचा नाही, असं कळवून टाकलं.

बऱ्याच वेळाने बाबांनी तोच, दिव्यांचा खटका ओढला. शेडची भिंत उजळून निघाली.

"लागले?" त्यांनी विचारलं.

"लागले, काका," पोपट म्हणाला.

बाबा शेजारच्या रिकाम्या सीटकडे वळले.

"बघ," ते म्हणाले, "आज हॉर्न नाही वाजला."