माणशी एक फांदी

भोरचे रघुवीर वकील मोटार स्वतः हाकत, आणि कोर्टात फुटत नसलेली वाचा त्यांना मोटारीत फुटे. डावीकडे कोणी ऐकणारं नसलं तरी. दर रविवारी दुपारची झोप सोडून ते वरंध घाटाकडे निघत. शिकारीला नव्हे हो! त्यांच्या हातात बंदूक दिली असती तर स्वतःचाच अंगठा उडवून आले असते. नुसती जनावरं बघायला.

हौस मूळची मालिनीबाईंची. "एकदा वाघ दाखवा ना," त्या म्हणत. वकील म्हणत, "पुढच्या रविवारी." तसल्याच एका पुढच्या रविवारच्या आत बाई तापानं गेल्या. तेव्हापासून वकील डावीकडची धुळीनं माखलेली गादी रिकामी ठेवून मालिनीला वाघ दाखवायला नेत.

घाटाच्या तोंडाशी वाघजाई. तिला माणशी एक हिरवी फांदी वाहायची, ज्याची फांदी त्याचं नाव घेऊन. जितक्या फांद्या, तितकी माणसं देवी माघारी धाडते. वकील दोन वाहत. आधी मालिनीची, मग स्वतःची.

आणि घाटातलं भेकर म्हणा, सांबर म्हणा, मोटार दिसली की थबके आणि त्या रिकाम्या गादीकडे टक लावून बघे. जनावरांना दिसत होतं ते वकिलांना मात्र कधी दिसलं नाही.

घाटाच्या अलीकडे, हिर्डोशी गावात, सोनबा मोटारीला पाणी पाजायचा.

"सायेब, तुमचं जनावर बैलापरीस लई पितंय."

"शेण तरी टाकत नाही, सोनबा."

सोनबा हसला. मग बादली खाली ठेवून म्हणाला, "एक इचारू? फांद्या दोन कशापायी? गेलेल्या मानसाची वाहू न्हाई. देवीची मोजणी चुकती. सोडा आता बाईस्नी."

वकिलांना ते लागलं. पण पटलंही. त्या दिवशी त्यांनी एकच फांदी तोडली, देवीपुढे ठेवली, आणि सवयीनं जीभ बोलून गेली, "ही मालिनीची."

वाहिलेलं उचलू नये. दुसरी तोडावी, तर पुन्हा दोन होणार. माणूस एक, फांदी एक. मोजणी बरोबरच की, असं मनाशी म्हणत ते निघाले.

वळणावर भेकर उभं होतं. त्यांनी भोंगा वाजवला. भेकराचा कानही हलला नाही.

पुढे, लख्ख उन्हात, रस्त्यात वाघ बसलेला.

"मालिनी! अगं, बघ!"

वाघ उठला. डाव्या दाराशी आला, गादीकडे बघत राहिला. मग पुढून वळसा घालून, वकिलांच्या बाहेर आलेल्या कोपराला अंग घासून निघून गेला. त्यांच्याकडे न बघता.

"दिसला का गं?"

वकील पोटभर रडले.

उन्हं कलताना हिर्डोशी आली. सोनबा बादली घेऊन डाव्या बाजूला गेला. वाकून त्यानं हात जोडले.

"बाईसाब, सायेब गेल्यापासनं दर रव्वारी येता. एक इचारू? फांद्या दोन कशापायी? सोडा आता सायबास्नी."

"सोनबा, अरे, मी इथं आहे!"

सोनबा मान तिरकी करून ऐकत होता. डावीकडचं. वकिलांना तिथून काहीच ऐकू येत नव्हतं.

"पुढच्या रव्वारपासनं एकच? बरं, बाईसाब." त्यानं डोळे पुसले.

वकिलांनी भोंग्याकडे हात नेला आणि थांबले. सबंध घाटभर धरलेल्या चाकावर एकाही बोटाची खूण नव्हती. त्यावर धूळ बसली होती, सारखी, मऊ, डावीकडच्या गादीवर बसायची तशी.