नदीअलीकडची वेल

वाळवलेली फांदी कागदावर चिकटवायची, खाली चिठ्ठी लावायची: नाव, जागा, तारीख, संग्राहक. वनस्पतींच्या संग्रहालयात अकरा वर्षं मी हेच करते. कुठलं झाड कुठे उगवतं याचा पुरावा म्हणजे तो कागद.

दादाच्या प्रबंधाला एकच नमुना कमी पडत होता. आकड्यासारख्या काट्यांची ती वेल फक्त नदीपलीकडे सापडायची. अलीकडे सापडली, तर त्याची नोकरी पक्की होणार होती.

"चिमणे, पलीकडची जादा फांदी आहे ना तुझ्याकडे? जागा आपलं परस लिही."

"खोटं लिहू?"

"वेल तर खरी आहे! नदी ओलांडायला तिला काय पासपोर्ट लागतो?"

मी लिहिलं. पाठच्या बहिणीचा हात भावापुढे किती आखडणार?

चौथ्या दिवशी परसात कोंब दिसला, कोवळा, तान्ह्याच्या मुठीसारखा मिटलेला. दादा हरखला. "बघ, उगीच घाबरत होतीस."

आठव्या दिवशी वेलीनं भिंतीच्या विटा उपटल्या. नवव्या दिवशी शेजारचं मांजर काट्यांवर उभं फाटलेलं सापडलं.

दहाव्या दिवशी भर दुपारी दादानं कोयता उचलला. पहिल्याच घावाला वेल वळली. काटे मनगटातून आरपार गेले, मग दंडातून. खांदा निखळल्याचा आवाज मी ऐकला. आईनं त्याच्या कमरेला मिठी घातली. मी कोयता घेतला. एक फाटा तोडावा तर दोन फुटत होते.

"कागद!" दादा किंचाळला. "कागदावरून काढ तिला!"

संग्रहालय दोन गल्ल्यांवर. अनवाणी धावले.

जुनी चिठ्ठी फाडायची नाही, खोडायची नाही, शेजारी दुरुस्तीची चिठ्ठी लावायची, ही आमची रीत. त्या घाईतही हातानं रीत सोडली नाही. लिहिलं: 'जागा चुकीची. ही वेल इथे नाही.' डिंक लावला, अंगठ्यानं दाबलं.

धावत परतले.

परस मोकळं होतं. भिंत धड होती. मातीत मुळाचं छिद्रही नव्हतं.

आई गुडघ्यांवर बसली होती. दोन्ही हात तसेच, कुणाला तरी कवटाळल्यासारखे गोल.

"आत्ता होता गं," ती म्हणाली. "आत्ता, या हातांत होता."

कोयता उंबऱ्याशी पडला होता. बाकी काही नाही.

संध्याकाळी मी तो कागद पुन्हा काढला. फांदी तीच, काटे तेच. पण कागद जड झाला होता, मधोमध फुगला होता. ताज्या फांदीची ओल शोषायला ठेवतात तसा मी त्यावर टिपकागद ठेवला, वर फळी ठेवली आणि पट्टे आवळले.

आता तीन आठवडे झाले. कधीच वाळून गेलेल्या फांदीचा टिपकागद कुणी बदलत नाही. हा मी रोज सकाळी बदलते.

आजचाही ओला, कोमट निघाला.