दम धरा

ही गोष्ट खरी आहे. हसायचं तर खुशाल हसा.

स्वप्नाली माझी सख्खी मामेबहीण. थापा मारायची तिला सवय नाही. हे सांगताना तिच्या हातातला चहा गार झाला तरी तिनं तो प्यायला नाही. ज्याची मला आजही किळस येते, तो माणूस भूत नव्हता. तो डॉक्टर होता. पण क्रमानं सांगतो.

रात्र नव्हती. अमावस्या नव्हती.

मागच्या मार्चमधली भर दुपार. भाईंदर पूर्वेला, नवघरच्या एका गल्लीत, पहिल्या मजल्यावरचं सोनोग्राफी सेंटर. नाव लिहीत नाही.

स्वप्नालीचे बाबा म्हणजे माझे सुभाषमामा. लालबागची खोली विकून जेसल पार्कला राहायला आले, त्याला बरीच वर्षं झाली. त्यांना जुनी बी कावीळ, म्हणजे हिपॅटायटिस बी. तिनं लिव्हर कडक करून टाकलंय. अशा लिव्हरमध्ये कॅन्सर कधी डोकं वर काढेल याचा नेम नसतो. म्हणून दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी. गाठ लहान असताना सापडली तर माणूस वाचतो. उशीर झाला की संपलं.

प्रत्येक वेळी रिपोर्ट नॉर्मल यायचा. मामा खूश असायचे.

"सोनोग्राफी करताना तुम्हाला मोठा श्वास घेऊन रोखायला सांगतात का?" मोठ्या हॉस्पिटलातल्या लिव्हरच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"छे हो. दोन मिनिटांत मोकळं करतात. फार हुशार माणूस आहे."

बाई हसल्या नाहीत.

"लिव्हरचा वरचा भाग फासळ्यांखाली लपलेला असतो," त्या म्हणाल्या. "श्वास रोखला की तो खाली सरकतो, तेव्हाच दिसतो. आणि नाही दिसला, तर दिसला नाही असं लिहायला हवं. न बघता नॉर्मल कसं लिहितात?"

दुसरीकडे जाऊ या, असं स्वप्नाली शंभरदा म्हणाली. मामांचं एकच. घराजवळ आहे, ओळखीचा आहे. शेवटी तिनं ऑफिसला अर्धी सुट्टी टाकली आणि स्वतः सोबत गेली.

खाली जिन्याच्या तोंडाशी एक म्हातारी माठाच्या जुड्या घेऊन बसली होती. रखमाबाई. नवघरातलीच. तिनं मामांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"वर चाललाव? काळीज बघायला?"

"हो, लिव्हरची सोनोग्राफी आहे," स्वप्नाली म्हणाली.

ते वर जाईपर्यंत म्हातारी नुसती बघत राहिली...

वर काउंटरवर भाविका नावाची मुलगी होती. "अंकल, सुबह से कुछ खाया नहीं ना? जाओ अंदर."

आतली खोली अंधारी. एसीतून पाणी ठिबकत होतं. बेडवरच्या चादरीवर आधीच्या पेशंटांच्या जेलचे डाग वाळून कडक झाले होते. उशीला तेलाचा काळा गोल. जेलच्या बाटलीच्या तोंडाशी पिवळी खपली. आणि पोटावर फिरवायच्या त्या यंत्राला एक केस चिकटलेला. कुणाचा, देव जाणे.



डॉक्टर कागदावरची भजी खात होता. बोटं पुसली. कशाला? ज्या नॅपकिननं पेशंटांची पोटं पुसतो, त्यालाच.

मामा त्या चादरीवर आडवे झाले. डॉक्टरनं शर्टाला इस्त्री करावी तसं यंत्र पोटावरून फिरवलं.

"झालं. नॉर्मल."

"डॉक्टर, श्वास रोखायला सांगून बघा ना. वरचा भाग..."

"मॅडम, गॅसेस आहेत. काय दिसणार? आणि मला शिकवू नका."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्यानं मान वळवली. एक हात मामांच्या पोटावर तसाच.

"अंकल, जरा दम धरा हां," म्हणाला आणि फोनवर कुणाशी तरी फार्महाऊसबद्दल हसत सुटला.

म्हणजे थांबा जरा. आपण सगळेच असं म्हणतो.

आणि मग...

कुणीतरी श्वास आत घेतला.

लांब. घरघरता. खूप खोल.

स्वप्नालीनं बाबांकडे पाहिलं. त्यांचं तोंड मिटलेलं होतं. छाती शांत होती.

श्वास बेडवरूनच आला होता. पण बाबांचा नव्हता.

खोलीत वास पसरला. भरती ओसरल्यावर खाडीच्या चिखलाला येतो तो. कुजका, खारट. मामांच्या बाजूची चादर हळूहळू खाली दबली... कुणीतरी सरकून कुशीवर वळावं तशी.

मग अगदी मामांच्या कानाशी, घोगऱ्या आवाजात...

"दम धरा बोल्लाय ना त्यो. धरा."

मामांनी छाती भरून श्वास घेतला. आणि रोखला.

डॉक्टरचं हसू मधेच तुटलं. त्याचा हात आपोआप वर सरकत होता. फासळ्यांच्या खाली, आत, जोरात. कुणीतरी मनगट धरून दाबावं तसा. फोन त्याच्या दुसऱ्या हातातून पडला.

पडद्यावर लिव्हर खाली सरकलं.

वरच्या कोपऱ्यातून एक काळा गोळा हळूच बाहेर आला. बोराएवढा.

"हे... हे कुठून आलं?" डॉक्टर पुटपुटला.

कुठून येणार? तिथंच होतं. यानं कधी बघितलंच नव्हतं.

स्वप्नालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ओरडायला तोंड उघडलं आणि तिचं लक्ष बाबांकडे गेलं.

ते अजून श्वास धरून होते.

चेहरा लाल. मग जांभळा. ओठ काळे पडायला लागले.

"बाबा, सोडा! सोडा श्वास!"

मामांनी तिच्याकडे पाहिलं. मग डॉक्टरकडे. ते वाट बघत होते...

तिनं त्यांची छाती चोळली, गाल थोपटले. काही नाही.

"तुम्ही म्हणा!" ती डॉक्टरवर किंचाळली. "तुम्ही धरायला सांगितलंत, तुम्ही सोडा म्हणा!"

डॉक्टरच्या तोंडाला अजून भजीचं तेल होतं. तो तसाच, फुटक्या आवाजात म्हणाला, "सोडा..."

मामांचा श्वास सुटला.

बेडवर ऐकू आलेला तो दुसरा सुटला नाही.

स्वप्नाली बाबांना धरून खाली आली. रखमाबाईनं मामांच्या शर्टाकडे पाहिलं. पोटावरचं जेल वाळून पांढरं झालं होतं. जेल नव्हतंच ते. मीठ होतं. बोटानं खरवडलं की खडे पडत होते.

"आमचा म्हातारा मिठागरावर व्हता," ती म्हणाली. "पुंडलिक. त्यालाबी हिथंच आनायचे. डाक्टर फोन घ्यायचा नि बोलायचा, दम धरा. म्हातारा लय साधा. त्याला वाटायचं, तपासनीच हाय ती. खरंच दम धरून निजायचा. घरी येऊन बोलायचा, आज लय येळ धरला गं, पन त्यानं बघितलंच न्हाय."

ती थांबली.

"मंग गाठ निंगाली ती नारळायेवढी. त्यातच गेला."

ज्या क्षणी पुंडलिकची गाठ दिसली असती, नेमकं त्याच क्षणी हा माणूस तोंड फिरवून हसत होता. मला भुताची भीती वाटते, नाही म्हणत नाही. पण या माणसाची शिसारी येते.

मामांची गाठ लहान होती. ऑपरेशन झालं. मामा वाचले. गोष्ट इथं संपायला हवी होती.

पण मामा दुपारी आडवे झाले की कधीकधी एक लांब श्वास घेतात...

आणि धरून ठेवतात.

घरच्यांनी सोडा म्हणून उपयोग नाही. हलवून उपयोग नाही. शुद्ध हरपली की मगच सुटायचा. छातीचे डॉक्टर झाले, झोपेच्या तपासण्या झाल्या. सगळं नॉर्मल.

शेवटी स्वप्नाली पुन्हा त्या जिन्यानं वर गेली. त्याच माणसासमोर हात जोडून उभी राहिली. बाहेर नवा बोर्ड लागला होता. आत चादर तीच होती. तिच्या फोनमध्ये तो एकच शब्द बोलला. चकल्या खात.

ते रेकॉर्डिंग आता घरात सगळ्यांच्या फोनमध्ये आहे. आधी चावल्याचा मचमच आवाज, मग बोटं चाटल्याचा, मग, "सोडा."

तेवढं ऐकवलं की मामा श्वास सोडतात. तो आवाज घरात कुणालाच ऐकवत नाही. पण ऐकवावं लागतं.

गेल्या रविवारी तिनं ते असंच लावलं.

मामांचा श्वास सुटला.

आणि बाजूच्या रिकाम्या उशीवर... दुसराही सुटला. लांब. खाडीच्या वासाचा.

सुटला एकदाचा बिचारा पुंडलिक, असं तिला वाटलं. ती रडलीसुद्धा.

मग उशी हळूच दबली.

तोच घरघरता श्वास पुन्हा आत गेला...

मी मामांना भेटायला जातो. सकाळी जातो आणि मामा आडवे व्हायच्या आत निघतो.