कोठीतला लसणाचा वास

फोनवरचा माणूस रडत नव्हता, घाबरलेलाही नव्हता. "मॅडम, आमचा राखणदार मेलाय आणि आमचा देव चोरीला गेलाय," एवढे त्याने एका दमात सांगून टाकले.

पीएसआय रक्षा ढवळीने हातातला चहा तसाच ठेवला आणि जीप निपाणीबाहेर काढली.

चिंचरट्टीच्या पांढरीत, म्हणजे गावाबाहेरच्या पांढऱ्या मातीच्या टेकाडात, एक अख्खे जुने शहर पुरलेले आहे. त्यातून निघालेली मडकी, मणी, नाणी आणि वीतभर उंचीची पंचधातूची पार्श्वनाथाची मूर्ती गावच्या ट्रस्टने शाळेच्या पडीक इमारतीत मांडली आहे. त्यालाच सगळे म्युझियम म्हणतात. कुंथुनाथ मगदूम तिथला राखणदार. तो मागच्या कोठीत, उरलेल्या खापरांच्या फळ्यांमध्ये पालथा पडला होता.

कोठीला खिडकी नव्हती.

"पहिल्यांदा कुणी बघितलं?" रक्षाने विचारले.

"म्या," झाडणारी गुणाबाई म्हणाली. "झाडाय आलते. दार नुसतं लोटल्यालं हुतं. आत लसणाचा वास असा, की ठसका लागला."

वासाचे कारण समोरच होते. प्रेताजवळ डबा उघडा पडला होता. त्यात अर्धी भाकरी, वर लसणाची लालभडक चटणी. गावच्या डॉक्टरने लांबूनच हार्ट अटॅक सांगून हात झटकले होते.

रक्षा गुडघ्यावर बसली. कुंथुनाथची नखे हिरवी झाली होती. तिने दाराची आतली बाजू पाहिली. हिरवा ऑइलपेंट खालपर्यंत ओरबाडलेला होता. फळीखाली एक पाल उताणी पडली होती, भोवती मुंग्या आणि झुरळे, सगळी मेलेली. कोपऱ्यातल्या एका पुरातन मडक्याच्या तळाशी करडी राख होती. शेवटच्या श्वासापर्यंत हा माणूस दार खरवडत होता, आणि बाहेरून कुणी ते उघडले नव्हते.

फोन करणारा साईनाथ म्युझियमचा क्युरेटर. मूळचा बेळगावच्या शहापूरचा, संक्रांतीच्या सुमारास इथे नोकरीला लागलेला. त्याने तिला काचेच्या पेटीपाशी नेले. पेटीत मूर्ती होती.

"चोरी झाली म्हणालात ना?"

"ही नकली आहे. सकाळी हातात घेतली आणि कळलं. आज धारवाडहून पुरातत्त्व खात्याची तपासणी यायची होती, त्या धसक्यानं कुंथुनाथ अण्णांचं हृदय बंद पडलं असणार. किल्ली त्यांच्याकडेच असायची."

"तुमच्याकडे नव्हती?"

"होती की. पण मी कशाला आपल्याच घरात चोरी करू?"

"अण्णा जेवायचे कुठं?"

"ह्याच कोठीत. लसणाची चटणी नाही असा त्यांचा डबा मी बघितलाच नाही. मला पण आग्रहानं वाढायचे. हल्ली महिनाभर धारवाडच्या फेऱ्यांत माझंच जेवण बाहेर."

"काल संध्याकाळी?"

"ते कोठी आवरत होते. मी खोलीवर गेलो."

तेवढ्यात ट्रस्टचे अध्यक्ष सन्मती शेट्टी आले. निपाणीत तंबाखूचे मोठे गोदाम असलेला माणूस, आणि रागाने लाल.

"गुणाबाई म्हणते, ह्या मूर्तीवरनं तुमचं नि कुंथुनाथचं भांडण झालं होतं?" रक्षाने विचारले.

"व्हय. मला ती बस्तीत, आमच्या जैन मंदिरात, नेऊन पुजायची हुती. तो म्हणायचा, साऱ्या जगानं बघू दे. मोठा सज्जन. गेल्या आठवड्यात बस्तीत माझ्या मांडीला मांडी लावून चातुर्मासाचा नेम घेतला, आणि हिकडं देव विकला. गावात सांगून आलोय, चोराला कुणी खांदा देणार न्हाय."

"तुमच्या गोदामात कीड मारायच्या गोळ्या असतात?"

"तंबाखूवाल्या समद्यांकडंच असत्यात. हितं पण दिल्या, लाकडी मूर्तींना वाळवी लागली तवा. कपाटात डबी हाय."

कपाटातली डबी अर्धी रिकामी होती. कपाटाच्या किल्ल्या दोघांकडे, साईनाथकडे आणि सन्मतीकडे. रक्षाने हवालदार मष्णूला बाजूला घेऊन मूर्तीचा आणि दोघांचेही फोटो दिले आणि बेळगावला, उद्यमबागेतल्या ओतकामाच्या कारखान्यांत पिटाळले.

प्रेमला, कुंथुनाथची बायको, आपल्या घराच्या पडवीत भिंतीला टेकून बसली होती. जवळ कुणी नव्हते. एका सकाळीत गावाने तिला वाळीत टाकले होते.

"काकू, काल डब्यात काय दिलं होतं?"

"भाकरी आन दोडक्याची भाजी. तपासणी हाय म्हनून रातभर तिथंच आवरणार म्हनले हुते."

"चटणी?"

"कुठली चटणी? लसूण त्यास्नी लई आवडायचा, पर चातुर्मास बसला तवा मुनींम्होरं सोडला. घरात एक पाकळी न्हाय."

"बाहेर कुणाला सांगितलं होतं?"

"नेमाचं कोण सांगत हिंडतंय?" तिने पदराने तोंड पुसले. "परवा म्हनले, प्रेमला, देव हलका झालाय. पुसाय उचलला तर हाताला हलका लागतोय. साईनाथला इच्यारतो म्हनले." मग ती थेट रक्षाकडे बघून म्हणाली, "मॅडम, मानूस गेला. चोर म्हनून तरी जाळू नका."

दुसऱ्या दिवशी दुपारी रक्षाने सगळ्यांना दालनात बोलावले. साईनाथ पेटीशेजारी उभा राहिला, सन्मती खुर्चीत बसले. प्रेमला उंबऱ्याच्या आत आली, पण बसली नाही.

"कुंथुनाथला कोठीत कोंडून मारलं," रक्षा म्हणाली. "गोळ्या मडक्यात ठेवल्या आणि बाहेरून कडी लावली. त्या गोळ्यांचा वायू पसरतो. पाल मेली, झुरळं मेली, माणूसही मेला. मागं राहते ती करडी राख. पोस्टमॉर्टेमनंही तेच सांगितलंय. पहाटे कुणीतरी कडी काढून ठेवली. पण खुन्यापुढं एक अडचण उरली. त्या वायूला लसणासारखा वास येतो."

"मग गोदामवाल्याला विचारा," साईनाथ म्हणाला.

"माझाही संशय आधी तिकडंच गेला. वास लपवायला खुन्यानं डब्यात लसणाची चटणी ठेवली. हुशारी चांगली होती. पंधरा दिवसांपूर्वी खपलीही असती, कारण अण्णांचा डबा चटणीशिवाय नसायचा. पण चातुर्मास बसला आणि अण्णांनी लसूण सोडला. शेट्टी, नेम घेताना तुम्ही कुठं होता?"

"त्याच्या शेजारी," सन्मती हळू आवाजात म्हणाले.

"म्हणजे ही चटणी तुम्ही ठेवली नसती. कपाटाची किल्ली दोघांकडेच. दोघांतल्या ज्याला नेम ठाऊक नव्हता, त्यानं ठेवली. साईनाथ, तुम्हाला अण्णांची आवड ठाऊक होती. त्यांनी ती सोडल्याचं ठाऊक नव्हतं."

"एका चटणीवरनं फाशी देणार मला?"

मष्णूने दार उघडले. त्याच्यासोबत उद्यमबागेतला एक ओतारी होता. त्याने साईनाथकडे बघून मान डोलावली.

"ह्यांनीच मूर्तीचा साचा काढून घेतला. शोभेसाठी पायजे म्हणाले."

"मूळ मूर्ती खडेबाजारातल्या दलालाकडं सापडली," रक्षा म्हणाली. "देव हलका झालाय, हे अण्णांनी तुम्हालाच येऊन विचारलं. तपासणीत ते बोलले असते. तुम्हाला त्यांचं तोंडही बंद करायचं होतं आणि चोरीचा धनीही हवा होता."

साईनाथ खाली बसला.

"मला वाटलं, झोप लागल्यासारखं होईल," तो म्हणाला.

"दार बघून या," रक्षा म्हणाली, आणि तिच्या आवाजातला संताप तिला लपवता आला नाही. "अण्णांनी रात्रभर काय केलं, ते त्या दारावर आहे."

मष्णूने त्याला उचलून नेले.

सन्मती उठून प्रेमलापुढे गेले. मान खाली होती. "वहिनी, चूक झाली. बस्तीतली समदी येत्यात. पैला खांदा माझा."

प्रेमलाने त्यांच्याकडे नीट बघितले.

"खांद्याचं मागनं," ती म्हणाली. "तुमी त्यास्नी चोर म्हनलासा ते भर गल्लीत. आदी गल्लीत जावा. दर दारात हुबं ऱ्हावा आन तो शबूद मागं घ्या. तवर म्या त्यास्नी हलवू द्यायची न्हाय."

सन्मती पायऱ्या उतरले आणि गुणाबाईच्या दारापासून त्यांनी सुरुवात केली.