मोहन कमी पडला

आमच्या सोनई गावातल्या बेकरीच्या दारात मी त्याच्यावर आदळले आणि माझ्या परातीतला मैदा सगळा त्याच्या काळ्या शर्टावर!

“दिसत न्हाई का?” मी ओरडले. चूक माझीच होती.

“आता दिसतंय की...” तो म्हणाला. शर्ट झटकायचं सोडून बघतच राहिला, येडा.

बेकरीवाल्याचा पोरगा, मोहन. ही मागच्या दिवाळीची गोष्ट. मग वर्षभर आमच्या घरातले टोस्ट भराभरा संपायला लागले. मीच संपवायचे, दुसरा पुडा आणायला जाता यावं म्हणून. पुडा देताना तो हळूच बोटाला बोट लावायचा... आणि तोंडानं? “आजचेच हायेत, कुरकुरीत.” एवढंच! असा राग यायचा मला.

यंदाची दिवाळी आली. आमच्या घराण्यात शंकरपाळी तळत नाहीत. पिठात तुपाचं कडकडीत मोहन घालून, लाटून, कापून भट्टीत भाजतात. पणजीपासूनची रीत. म्हणून आई, मी आणि पारनेरहून आलेली आक्काबाई आत्या, तिघी बेकरीत पसारा मांडून बसलो. भट्टीपाशी मोहन. ट्रे कमी, मलाच जास्त बघत होता.

लाटता लाटता आत्या आईला म्हणाली, “विजयमाला, निकिता आता माझी. आमच्या पोराला, गहिनीनाथला करून घेणार. दिवाळीतच सुपारी फोडू.”

माझ्या हातातलं लाटणं थांबलं. मला कुणी विचारलंच नव्हतं! आईनं मान खाली घातली. आत्यापुढे ती कायम तशीच.

आत्यानं भाजलेली शंकरपाळी तोंडात टाकली. “कडक झाली की गं! मोहन कमी पडलं व्हय?”

“मोहन कमी पडला,” मी म्हणाले. “वर्षभर कमीच पडला.”

तुपाचं मोहन ‘पडलं’ असतं. ‘पडला’ तो माणूस. आत्याला बरोबर कळलं.

“कोन मोहन?”

भट्टीपाशी ट्रे धाडकन आपटला.

“तो.” मी बोट दाखवलं.

“पाववाल्याच्या घरात? भावकीत तोंड दाखवायचंय आमाला!”

“तुमचं तोंड तुमी सांभाळा, आत्या. माझा जन्म मला काढायचाय.” मी वळले. “मोहन, आत्ता बोल. न्हाईतर परत माझ्याकडं बघू नको.”

त्याचा चेहरा भट्टीपेक्षा लाल. “मी... रविवारी घरी येऊन विचारणार हुतो.”

“कुठल्या रविवारी?”

“दर रविवारी...”

मला हसावं की रडावं कळेना. तेवढ्यात आई उठली. वाटलं, आता थोबाडीत बसणार. कुणाच्या, तेवढंच ठरायचं होतं.

हाताचं पीठ झटकत ती मोहनसमोर जाऊन उभी राहिली. आत्याच्या देखत, मोठ्यानं म्हणाली,

“ह्या रविवारी ये. दाढी करून ये.”