भुतं, ठिपके आणि जयाचा टेप

कर्जतच्या एसटी स्टँडवर जया दुरुस्त झालेला टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन बसली होती. तेवढ्यात भिसेगावचा चंदर समोर येऊन थांबला. दोघं शाळेत एकाच वर्गात होती, पण धड बोलणं असं कधी झालंच नव्हतं.

"जया... हा टेप मला रविवारपुरता देशील?"

"का रं? वरातीत वाजवायचाय?"

"नाय गं! मामानं मस्कतवरनं कम्प्युटर धाडलाय, टीव्हीला जोडायचा. गेम कॅसेटवर हाय. टेप लावल्याबिगर चालूच व्हत नाय."

टेप असा कुणाच्या हाती देईल ती जया कसली! ती स्वतःच घेऊन गेली. मग दर रविवारी जाऊ लागली. मुंबईत नाणं टाकून खेळतात, त्या खेळाची ती घरगुती नक्कल होती. एक पिवळं तोंड ठिपके खात पळायचं आणि भुतं त्याच्या मागे लागायची. पण आधी टेपची वायर कम्प्युटरला जोडली की गेम येईपर्यंत कॅसेट बराच वेळ मुकाट फिरत राहायची. बाहेर पागोळ्या गळायच्या, चंदर तिच्याकडे बघून उगीचच हसायचा... जयाला वाटायचं, गेम आलाच नाही तर किती बरं!

पण शेजारची गोदा खेळायला आली आणि सगळं बिनसलं. तिची बोटं भलतीच चपळ. "डावीकडं, गोदा! खाल्लं बघ भूत!" चंदर तिच्या खांद्याला खांदा लावून ओरडायचा. जया मागे बसून नुसती जळायची. टेप हिचा, आणि मजा मारायची गोदानं!

एकदा कॅसेट टेपमध्येच राहिली. घरी गेल्यावर जयाच्या मनात आलं, पुसूनच टाकावी मेली! जुन्या गाण्यांवर नवी गाणी भरायची तिला सवय होतीच. तिनं रेकॉर्डिंगची बटणं दाबली आणि टेपसमोर स्वतःशीच बडबडत, धुसफुसत बसली. टेपला आतच माईक आहे, हे रागाच्या भरात ती साफ विसरली.

रविवारी गेम काही येईना. "कॅसेट बिघडली काय?" म्हणत चंदरनं वायर उपसली आणि आवाज मोठा केला. खोलीभर जयाच बोलू लागली —

"काय ती गोदा चिकटून बसते! आन हा चंदर... मी याच्यासाठी येते, ह्ये याला कळत कसं नाय?"

जयाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती दाराकडे निघाली, तर गोदा पोट धरून हसत आडवी आली.

"अगं बाय माझे! टेप आमच्याकडं पण हाय. मी कवाची आणते म्हणते, ह्योच नको म्हणतो. म्हणे, मग जया कशाला येईल?"

चंदर कानापर्यंत लाल झाला होता.

"तुझा गेम गेला रं..." जया पुटपुटली.

"जाऊ दे गं. पुढच्या रविवारी येशील ना?"

"टेप घेऊन?"

"नको... नुसती ये."